आठ उणे

एका शहाण्या माणसाला मी वेडा ठरवलं. तेही लेखी, सहीनिशी, दोन प्रतींत.

ऐंशीच्या दशकातला एक फेब्रुवारी. मी लीड्समध्ये कॉम्प्युटरच्या एका कंपनीत होतो आणि फावल्या वेळात तिथल्या मराठी मंडळातला शुद्धलेखनाचा फौजदार होतो. वक्तृत्व स्पर्धेत पोरांच्या ‘न’ आणि ‘ण’वरून मार्क कापायचे, ही माझी समाजसेवा. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, दुभाष्यांच्या यादीत ‘मराठी’ या शब्दापुढे एकच नाव होतं, आपटे. आडनावाला मी कसा जागलो ते आता सांगतो.

सोमवारी हॉस्पिटलमधून फोन आला. बस स्टेशनवर झोपणारा पन्नाशीचा एक माणूस पोलिसांनी आणला होता. याआधी तो बेघरांसाठीच्या तीन हॉस्टेलांतून पळालेला. कागदावर नाव ‘लूक लाल’. खिशात मुंबईच्या गोदीचा जुना पास, म्हणून भाषा मराठी असावी असा त्यांचा तर्क. मी टाय बांधून गेलो.

मनोविकारांच्या कन्सल्टंट डॉक्टर बाई स्कॉटिश होत्या, उंच आणि घाईत. त्या म्हणाल्या, “त्याला शंभरातून सात वजा करायला सांगा. मग त्यातून पुन्हा सात.” डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे बघायची त्यांची ही नेहमीची चाचणी. मी खणखणीत मराठीत विचारलं, “आपण शंभरातून सात वजा करू शकाल का?” तो माणूस माझ्या टायकडे बघत राहिला आणि म्हणाला,

“मी आठे उनू. आठे कोनी नही.”

तीनदा विचारलं. तीनदा हेच. मी बाईंना सांगितलं, “हा आठातून काहीतरी उणे करतोय आणि उत्तर ‘काही नाही’ असं सांगतोय.” बाईंनी भुवया उचलल्या. मी आणखी फुललो आणि रिपोर्टात लिहिलं, की रुग्णाचं बोलणं निरर्थक असून तो आठ या आकड्यात अडकला आहे. बाईंनी त्यावर निर्णय दिला: गुरुवारी सकाळी दहा वाजता गावाबाहेरच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळात कायमच्या वॉर्डात रवानगी. तिथे माणसं वीस-वीस वर्षं राहत. बाहेर आलेला कोणी माझ्या ऐकिवात नव्हता. मी घरी आलो आणि पोटभर जेवलो.

मंगळवारी टाइप केलेला रिपोर्ट द्यायला गेलो, तेव्हा कॉरिडॉरमध्ये अहिरे नाना भेटले. बुटकेसे, पांढऱ्या कोटाच्या खिशाला उलटं लटकवलेलं नर्सचं घड्याळ, डोक्यावर माकडटोपी आणि हातात पितळेचा तांब्या. इंग्लंडच्या हॉस्पिटलात तांब्या! बाजूच्या वॉर्डाचे ते चार्ज नर्स होते. माझ्या तोंडून सवयीचा प्रश्न गेला, “अहिरे म्हणजे कुठले अहिरे?”

“पाणी पिणारे,” नाना म्हणाले आणि माझ्या हातातला कागद वाचू लागले.

वाचता वाचता ते थांबले. “आठातून काय वजा करतो हा?”

मी सोमवारचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. नाना तडक त्या माणसाच्या खाटेशी गेले. तो खाटेवर नव्हता, खाली भिंतीला टेकून बसला होता. नानाही खाली बसले. तांब्या पुढे केला. “पानी पे, भाऊ.” तो प्यायला, घटाघट, वरून धार धरून. मग बोलू लागला तो थांबेचना. नानांनी वर मान करून मला सांगितलं, “साहेब, हा सुकलाल. सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल. घरात भिली बोलतो, बाजारात अहिराणी. मी त्याच बाजारातला. आठे म्हणजे इथे. उनू म्हणजे आलो. मी इथे आलो, इथे माझं कोणी नाही. एवढंच म्हणत होता. तुम्ही त्याचं गणित केलंत.”

जमीन दुभंगायला पाहिजे होती, पण लीड्सच्या हॉस्पिटलांत लिनोलियम फार पक्कं असतं.

सुकलाल मुंबईहून बोटीवर भांडी घासायला निघालेला. हल नावाच्या बंदरात आजारी पडला, बोट त्याला सोडून गेली. मग कापडाच्या गिरण्यांत बारा वर्षं. गिरण्या बंद पडल्या, खोली गेली. हॉस्टेलांत दारातच काचेमागून नाव, जन्मतारीख, धर्म विचारायचे. तो गप्प राहिला की ‘सहकार्य करत नाही’ असं लिहायचे. रात्री तो जमिनीवर झोपला की दोघे मिळून उचलून खाटेवर टाकायचे. चौथ्या दिवशी तो पळायचा.

अशा माणसांसाठीच नानांनी स्वस्त भाड्याची घरं देणाऱ्या एका हाउसिंग असोसिएशनच्या मागे लागून भिंतीला भिंत लागलेल्या ओळीतलं एक घर मिळवलं होतं. आपल्याकडचे बेघर झालेले पुरुष तिथे राहत. दारात चपला, न्हाणीघरात टमरेलं, दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा. नियम एकच, कोणालाही आत घेतल्यावर आधी पाणी द्यायचं आणि प्याल्यावरच नाव विचारायचं. आडनाव तर विचारायचंच नाही, त्याला वाटलं तर तो सांगेल. मी विचारलं, “हे असं का?” नाना म्हणाले, “जन्मभर मला सगळ्यांनी आडनाव आधी विचारलं, साहेब. पाणी कोणी विचारलं नाही. विहिरीपाशीसुद्धा.” मला माझं ‘कुठले अहिरे’ आठवलं आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो. पुढे त्यांनी स्वतःच वातावरण हलकं केलं. “आमच्याकडे खाटा आठ. उणे सात. तुमचं गणित आमच्याच घरी सुटणार बघा.”

पण ते सुटेना. कन्सल्टंट बाई म्हणाल्या, “मिस्टर अहिरे, भाषांतर तुमचं, घर तुमचं, रिकामी खाटही तुमची. मी कशावर विश्वास ठेवू? आधीच्या दुभाष्याने रिपोर्ट मागे घ्यावा आणि गुरुवारी नऊ वाजता माझ्यासमोर त्यानेच पुन्हा बोलावं. तुम्ही खोलीबाहेर थांबायचं.” म्हणजे सुकलालचं उरलेलं आयुष्य माझ्या कानांवर टांगलं गेलं. ज्या कानांनी ते बुडवलं होतं, त्याच कानांवर.

त्या संध्याकाळी मी माघारीचा रिपोर्ट लिहिला. माझी अब्रू झाकेल असा. ‘रुग्णाची बोली अत्यंत अशुद्ध असल्यामुळे गैरसमज संभवतो.’ लीड्समध्ये जन्मलेली आमची कन्या मागून वाचत होती. म्हणाली, “बाबा, तू मराठीत फेल झाली?”

बुधवारी रजा टाकून नानांच्या घरी गेलो. त्यांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

“साहेब, अशुद्ध कोण आहे ते नीट लिहा.”

“पण नाना, असं लिहिलं तर यादीतून नाव जाईल माझं.”

“जाऊ द्या की. त्याचं तर माणसांच्या यादीतून चाललंय.”

मी नवा कागद घेतला. ‘मला ही भाषा समजली नाही. चूक माझी आहे.’ आयुष्यात लिहिलेल्यांपैकी सर्वांत शुद्ध मजकूर तो हाच असावा.

मग नानांनी मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि घरातली सात माणसं माझी शाळा घ्यायला बसली. त्यातले दोघे खानदेशचे, बाकीचे नुसते हसायला. आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे, आते म्हणजे आता. मी चुकलो की नाना लाटण्याने पोळपाटावर टकटक करत. “उना नाही, उनू! तो उना, मी उनू. पोरांचे मार्क कापता ना तुम्ही?” जाताना त्यांनी फक्त एवढं सांगितलं, “शब्द विसरलात तरी चालेल. घाई करू नका.”

गुरुवारी नऊ वाजता खोलीत बाई, सुकलाल आणि मी. दाराच्या काचेतून नानांची माकडटोपी दिसत होती. बाहेर ॲम्ब्युलन्स लागलेली. बाईंनी विचारलं, “तो कुठे आहे, हे त्याला कळतंय का?”

मी रात्रभर घोकलेलं वाक्य म्हटलं. सुकलाल गप्प.

पुन्हा म्हटलं. गप्प. तोंड भिंतीकडे. बरोबरच होतं, मला वेडा ठरवणाऱ्याशी मी तरी बोललो असतो का? बाईंनी घड्याळ पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. काचेपलीकडे नाना जागचे हलले नाहीत, खूण नाही, काही नाही. फक्त त्यांच्या हातात तांब्या होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उठलो, बाईंच्याच टेबलावरचा जग घेतला, ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. “पानी पे, भाऊ.”

सुकलालने माझ्याकडे पाहिलं. ग्लास घेतला. सगळं पाणी संपवलं. तोंड पुसलं आणि म्हणाला, “आते उना तू.”

आत्ता आलास तू. हे मला समजलं. कोणी न सांगता समजलं! मी बाईंना भाषांतर सांगितलं.

मग तो सांगत गेला. हा दवाखाना, हे गाव, गिरणी कोणती, बोट कोणती. बाई लिहीत गेल्या. शेवटी म्हणाल्या, “आणि शंभरातून सात?”

मी विचारलं. सुकलालने बोटांवर मोजलं. “चार विसा न तेरा.”

चार, वीस, तेरा. पुन्हा आकडेच, आणि पुन्हा चुकीचे! तोंड उघडलं आणि मिटलं. घाई करू नका. चार वेळा वीस म्हणजे ऐंशी. ऐंशी आणि तेरा... “त्र्याण्णव!” मी ओरडलो. “हा विसांनी मोजतोय! त्र्याण्णव, बाई, बरोबर आहे!”

“पुढे?”

“चार विसा न सहा,” सुकलाल म्हणाला. शहाऐंशी. मग त्याला कंटाळा आला. “त्या बाईले इतला सात कसाले पाहिजेत?”

या बाईंना इतके सात कशाला हवेत, हेही मी भाषांतर करून सांगितलं. बाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी ट्रान्सफरचा कागद आडवा फाडला. पावणेदहाला ॲम्ब्युलन्स रिकामी गेली.

नानांच्या घरी आठवी खाट लागली, पण सुकलाल तिच्यावर झोपेना. नानांनी त्याला कधी उचलून टाकलं नाही. करवत आणली आणि खाटेचे पायच कापले. पुढे सुकलालने मागच्या अंगणात एक दगड उभा करून त्याला शेंदूर लावला. मी नानांना छेडलं, “तुम्ही बौद्ध ना हो? देव मानत नाही ना?”

“मी नाही मानत. पण दगड त्याचा आहे, आणि घर त्याचं आहे. रोज सकाळी तो माझ्या बाबासाहेबांच्या फोटोवरची धूळ पुसतो. कोणी सांगितलं होतं त्याला?”

मला मात्र त्या घरात कायमचं नाव पडलं. दार वाजवलं की आतून कोणीतरी ओरडायचं, “आठ-उणे उना रे!” आणि मी आत शिरून बूट काढेपर्यंत पाण्याचा पेला समोर यायचा. पुढे नोकरी बदलून दूर दक्षिणेला ब्रॅकनेलला गेलो, तरी लीड्सला गेलं की तिथे जायचोच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नाना गेले. ड्यूटी संपवून घरी आले, दारात बूट काढायला वाकले आणि उठले नाहीत. शोकसभा त्याच घरात झाली. हॉस्पिटलचे लोक, कौन्सिलचे लोक, मंडळाचे लोक, सगळे जिन्यापर्यंत दाटीवाटीने बसलेले. मला बोलायला सांगितलं. मी ब्रॅकनेलहून भाषण लिहूनच आणलं होतं. एकही ‘न’ ‘ण’च्या जागी नव्हता. वीस मिनिटं झाली. मी म्हणत होतो, “नानांच्या व्यक्तिमत्त्वाचे विविधांगी पैलू उलगडून दाखवताना माझी वाणी...”

पहिल्या रांगेत, जमिनीवर, सुकलाल बसला होता. केस पांढरे झालेले, मांडीवर नानांचा तांब्या. तो उठला, तांब्या माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“बस कर आते, आठ-उणे. कोनले काहीच समजी नही राह्यनं. पहिले लोकेस्ले पानी दे.”