हिला चालत नाही

दुपारचे जेवण आटोपून मी वामकुक्षीला टेकले आहे. डोळा लागताना घरातले आवाज एकेक करून निरोप घेतात. आधी पंखा जातो, मग शेजारची पिठाची गिरणी, शेवटी स्वयंपाकघरात भांडी आवरणाऱ्या सुनेच्या बांगड्या. सगळे गेले की मी एकटी उरते, हा रोजचा शिरस्ता. आज पायथ्याशी कोणी बसले आहे.

माझे यजमान आहेत. अच्युतराव नेर्लेकर, मिरजेत हायस्कूलला इंग्रजी शिकवणारे नेर्लेकर सर. गेल्या मार्गशीर्षात वारले. अंगात बदामी कोट, बोटांना खडू, आणि चेहऱ्यावर उशिरा घरी आलेल्या नवऱ्याचे हसू.

"झोपलीस का गं?"

"नाही. बरं झालं आलात. तुम्हाला जाब विचारायचा आहे."

"आल्या आल्या? अगं, पाणी तरी विचार."

"तुमचं पाणी घाटावर देऊन झालं आहे. सरळ बसा."

ते सरळ बसतात, कारण आता आम्ही पलंगावर नाही, शाळेत आहोत. ते पहिल्या बाकावर, गुडघे वर आलेले, मी टेबलापाशी. खिडकीबाहेर मैदानाच्या जागी आमचे न्हाणीघर आहे, बंब पेटलेला आहे, आणि मला त्याचे काही नवल वाटत नाही.

"शोकसभा शेजारच्याच हॉलमध्ये झाली," मी सांगते. "मला पुढची खुर्ची दिली होती. तुमचे मुख्याध्यापक उठून म्हणाले, आपल्यानंतर सरांनी मुख्याध्यापक व्हावं म्हणून आम्ही किती विनवलं, पण सर म्हणाले, आमच्या हिला चालत नाही. शाळेच्या आधी हॉटेलात होतात, तिथले मालक उटीचं नवं हॉटेल तुमच्या हाती देत होते. हिला चालत नाही. त्याच्याही आधी सर्कशीत इंग्रजीतून खेळ पुकारायचात, तेव्हा मालक तात्या म्हैसाळकर तुम्हाला आफ्रिकेच्या दौऱ्यावर नेत होते. हिला चालत नाही. सगळा हॉल माझ्याकडे वळून कौतुकानं हसला. 'वहिनीसाहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!' टाळ्या पडल्या. शोकसभेत!"

"भाषण कुठे संपवावं, हे त्या गृहस्थाला कधीच कळलं नाही," ते पुटपुटतात.

"आणि मला काय सांगितलं होतंत?"

ते बाकावरचा शाईचा डाग नखाने खरवडू लागतात.

"पूर्ण वाक्यात उत्तर द्या. पोरांकडून घेत होतात ना?"

"त्यांनी मला... घेतलं नाही, असं सांगितलं होतं."

"दर वेळी. आणि दर वेळी मी भरलेली ट्रंक उपसली. उटीच्या थंडीसाठी विणलेला स्वेटर भावाला देऊन टाकला. तात्यांनी तुमचा अपमान केला, म्हणून त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या अक्षता मी दारातून परत पाठवल्या. पायरीवर उभे राहून ते म्हणाले, 'वहिनी, माझं चुकलं काय?' आणि तुम्ही आत वर्तमानपत्र वाचत होतात!"

"वाचत नव्हतो. नुसतं धरलं होतं."

माझ्या करारीपणाचा मला फार अभिमान होता. मी आले की चारचौघे आवाज खाली करीत. त्या दराऱ्यातला माझा किती आणि यांनी माझ्या नावावर परस्पर वाटलेला किती, हे आता मी कोणाला विचारू?

"जगापुढे मला उभं केलंत आणि माझ्यापुढे जगाला. तुम्ही स्वतः कुठे होतात?"

उत्तर येण्याआधी फळा सरसर वर गुंडाळला जातो. तो फळा नाहीच, सर्कशीचा पडदा आहे. पायाखाली लाकडाचा भुसा, कोपऱ्यात कान हलवणारा हत्ती. रिंगणाच्या मधोमध सर्कशीचे मालक तात्या म्हैसाळकर उभे आहेत. त्यांना जाऊनही वर्षे लोटली. मिशा मात्र काळ्याभोर.

"सर, आफ्रिकेची बोट लागलीया. येताय न्हवं?"

हे उठतात, कोट सावरतात. एकदा माझ्याकडे बघतात, एकदा तात्यांकडे, आणि माझ्यादेखत तेच हसू चेहऱ्यावर आणतात.

"यायला फार आवडलं असतं हो तात्या. पण आमच्या हिला..."

"मला चालतं."

मी आवाज चढवलेला नाही, तरी तंबूभर जातो. हत्तीचे कान थांबतात.

"मला तेव्हाही चालत होतं, तात्या. मला कोणी विचारलं नव्हतं."

"आवं वहिनी, मग त्याच वक्ताला सांगायचं न्हाई का?"

"त्या वेळी मला ठाऊक नव्हतं."

तात्या मान डोलावतात आणि मोकळे हसतात. "मग काय, चला की सर! आता कशाला थांबायचं?"

हे जागचे हलत नाहीत. पडद्याच्या फटीतून समुद्राचा खारा वारा येतो आहे. अडवणारे कोणी उरले नाही, हे त्यांना हळूहळू उमगते आणि चेहऱ्यावरचे हसू ओसरत जाते. त्याच्याखाली जो चेहरा आहे, तो मी लग्नापासून आजवर पाहिलेला नाही.

"अगं, असं सगळ्यांसमोर..." ते कुजबुजतात.

"मला भीती वाटते, एवढं म्हणा. माझं नाव न घेता. मग मी काही मागणार नाही."

ओठ हलतात. गावातल्या दोन पिढ्यांना ज्यांनी परक्या भाषेत बोलायला शिकवले, त्यांना आपल्या भाषेतले तीन शब्द जमत नाहीत. त्याऐवजी ते माझे उजवे मनगट पकडतात, पाटलीसकट, बुडत्याने धरावे तसे. पाटली हाडात रुतते. मी हात सोडवून घेत नाही, लागते आहे असेही म्हणत नाही. मी त्या वाक्याची वाट पाहते. पकड तेवढी घट्ट होत जाते.

"आई, चहा आणलाय."

सून पलंगाशी उभी आहे. कप पुढे करता करता ती थबकते.

"अगं बाई! हाताला काय झालं?"

मनगटावर चार बोटांचे लाल वळ आहेत, आणि मधोमध पाटलीची नक्षी कातडीत उमटली आहे. पदर ओढून घेणे सोपे होते. मी हात तसाच उघडा ठेवते.

"तुझ्या सासऱ्यांनी धरला होता," मी म्हणते. "घाबरले होते ते. जन्मभर."

ती कप खाली ठेवते आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहते. ताप नाही. मग बिचकत माझ्या मनगटावरून बोट फिरवते. वळ तिच्याही बोटाला लागतात.