लाल फुलीचे दिवस

दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत तिचे कान म्हणजे अर्धा मेकॅनिकच. इस्त्रीच्या मोठ्या रोलरचा आवाज जरा बदलला की ही ओरडलीच, "बंद करा आधी!" आणि बहुतेक वेळा खरंच काहीतरी सैल झालेलं सापडायचं.

पण पाळीच्या आधीचे पाच दिवस तिचं डोकं ठिकाणावर नसायचं. बारीकसा आवाजही कानात घुसायचा, नवऱ्याशी कडाक्याची भांडणं व्हायची, चादरीची घडी चुकली तरी रडू फुटायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तारखा लिहून ठेवा." तिनं कामावरच्या कपाटाला कॅलेंडर लावलं आणि त्या पाच दिवसांवर लाल फुल्या मारल्या. फरक पडला हो! त्या दिवसांत ती तोंडाला कुलूप घालायची आणि घर शांत राहायचं. पण सुपरवायझरनं ते पाहिलं आणि झालं, बाईंचं नावच पडलं, कॅलेंडरबाई.

त्या सोमवारी तिला रोलरमध्ये टक्‌ टक्‌ ऐकू आलं. थांबवायची दांडी ओढली तर रोलर जरासा उशिरा थांबला. सुपरवायझरनं स्वतः ओढून पाहिली, तेव्हा मेला झटकन थांबला.

"आज दुसरी फुली ना? शुक्रवारी ऐकू आलं तर सांगा," तो म्हणाला. सगळे खो खो हसले. रोलरमध्ये चादरी सोडणारी तिची धाकटी बहीणही हसली.

खरं सांगायचं तर, हिलाही वाटलं, असेल बाई आपलंच डोकं. एरवी तिनं काम बंद पाडलं असतं. या वेळी गप्प बसली.

बुधवारी चादरीबरोबर धाकटीची बोटं आत ओढली गेली. हिनं त्याच क्षणी दांडी ओढली. रोलर थांबला, पण उशिरा. धाकटीचा उजवा हात मनगटापर्यंत गेला.

शुक्रवारी पाळी आली. डोकं लख्ख झालं. मेकॅनिकनं रोलर उघडला, तर ब्रेक पार झिजलेला. दुपारी तिनं दवाखान्यात जाऊन धाकटीला ते सांगितलं. आता तरी सगळ्यांना पटेल, असं काहीसं ती बोलत होती.

धाकटी छताकडे बघत पडली होती.

"म्हणजे तुला खरंच ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "मग ताई, तू नेहमीसारखी ओरडली का नाहीस गं?"