किती देवांचे?

प्रिय इरा आणि नील,

मागच्या महिन्यात नीलने फोनवर विचारलं होतं, "आजी, आजोबा आता कुठेतरी आहेत, की कुठेच नाहीत?" मी "नंतर सांगते" म्हणाले आणि शाळेचा विषय काढला. प्रश्न टाळायची मला सवय नाही, पण याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता मी यवतमाळ जिल्ह्यात जाऊन आले आहे. उत्तर अजूनही सापडलेलं नाही. तरी जे पाहिलं ते डोक्यात आणखी गोंधळायच्या आत लिहून ठेवते. आईला वाचून दाखवायला सांगा.

आजोबा तरुणपणी काही वर्षं पांढरकवड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. मी तेव्हा पुण्यात नोकरीत होते, त्यामुळे ते गाव मी कधी नीट पाहिलंच नाही. तिथले चित्रकलेचे गेडाम सर त्यांचे जिवलग मित्र. तेव्हापासून आजोबा म्हणायला लागले, की दगड, झाड, माणूस, मन हे सगळं एकच आहे, रूपं तेवढी निराळी. मी म्हणायचे, एक नाही, दोन. शरीर वेगळं आणि आत्मा वेगळा. जेवताना हा वाद हमखास निघायचा आणि भाजी निवायची.

ते गेल्यावर मात्र मला या वादाची भीती वाटू लागली. माझं खरं असेल, तर ते कुठेतरी असतील. त्यांचं खरं असेल, तर ते सगळ्यात मिसळून गेले, म्हणजे मला शोधायला कुठेच उरले नाहीत.

अशात गेडाम सरांचा फोन आला. "वहिनी, सरांना आमच्या पेनात मिळवायचं ठरवलं आहे. तुमच्याशिवाय कसं होणार?" मला वाटलं, आठवण म्हणून त्यांना आजोबांचं पेन हवं आहे. कपाटातून ते काळं शाईचं पेन काढलं, धुतलं, नवी शाई भरली आणि पर्समध्ये ठेवलं.

नागपूरहून बस मिळाली. रस्ता सरळ हैदराबादकडे जाणारा, शेजारून ट्रकांची रांग. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि तुरी पिवळ्या फुलांवर आलेल्या. प्रत्येक थांब्यावर "पांढरकवडा आलं का?" असं मी विचारत होते. शेवटी कंडक्टर म्हणाला, "माय, गाव काही पळून नाही राह्यलं. आलं की मीच उतरवतो तुमाले." मग मी गप्प बसले, आणि इतकी गप्प बसले की झोप लागली. त्यानेच उठवून उतरवलं.

गेडाम सर स्टँडवर उभे होते. पूर्वी फोटोत पाहिले होते तेवढेच उंच, केस मात्र पांढरेशुभ्र. त्यांचं गाव केळापूरच्या पुढे, आत जंगलाच्या कडेला. घरी पोचल्यावर मी पहिल्यांदा पर्स उघडून पेन त्यांच्या हातात दिलं. ते पाहतच राहिले. मग असे हसले की त्यांच्या पत्नी सोनाबाई चुलीपुढून उठून आल्या.

"अहो वहिनी," गेडाम सर म्हणाले, "पेन म्हणजे आमच्या गोंडीत देव. गेलेलं माणूस आमच्यात पेन होतं. हे लिहायचं पेन कायले आणलं?"

"राहू द्या जी," सोनाबाई म्हणाल्या. "सरांचं हाये न, मग सरांसंगच बसू द्या त्याले."

ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि लाल मिरचीचा ठेचा असं जेवण झालं. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोनाबाईंना वाटलं मी आजोबांसाठी रडते आहे, आणि त्या माझी पाठ थोपटत राहिल्या. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. थोड्या वेळाने मला स्वतःलाच कळेना, की रडणं कशाचं आहे.

दुपारी आम्ही गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली गेलो. तिथे ओढ्यातले गुळगुळीत गोटे एकमेकांना टेकून मांडले होते. गेडामांच्या घरातलं माणूस गेलं, की त्याच्या नावाचा गोटा ओढ्यातून आणून या गोट्यांत मिळवतात. आजोबांचा गोटा आणून ठेवला होता. करडा, मुठीएवढा. गेडाम सरांचे मोठे भाऊ त्याच्यासमोर बसले होते. त्यांनी मला विचारलं, "तुमी किती देवाचे?"

जन्मभर मी "दोन" म्हणत आले, पण आज आजोबांच्या बाजूने बोलायला हवं असं वाटलं. म्हणून म्हणाले, "एकच. देव एकच आहे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मोठे भाऊ म्हणाले, "एक देवाचं तं कोणीच नाही इथं. याले कोणापाशी ठेवावं?"

गेडाम सरांनी मला समजावलं. गोंडांमध्ये कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात; गेडाम सहांचे. तेच त्यांचं कूळ. सारख्या देवांचे ते भाऊ, आणि लग्न करायचं ते वेगळ्या देवांच्या घरी. मला विचारलं होतं कूळ, आणि मी सांगितलं होतं तत्त्वज्ञान. आजोबांच्या बाजूने एकदाच बोलले, आणि त्यामुळे त्यांनाच जागा मिळेना.

"मग आता?" मी विचारलं.

"ज्याचे देव नाही, तो नाही मिळत," मोठे भाऊ म्हणाले. ते रागावले नव्हते, खरंच अडचणीत पडले होते.

तेव्हा सोनाबाई गेडाम सरांकडे हात करून बोलल्या. "काहून नाही मिळत? इतके वर्ष माह्या हातची भाकर खाल्ली त्याइनं. यायले भाऊ म्हणे. मग सहाच देवाचे झाले का नाही?" आणि माझ्याकडे वळून, "अन् तुमी माह्यासारख्या, सात देवाच्या. आपण जावा झालो. भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्या आता."

भासरे म्हणजे मोठे दीर. ते हसले. मी पदर घेतला. म्हणजे आजोबा सहांचे आणि मी सातांची. आमच्या वादात हे आकडे कधी आलेच नव्हते.

तरी एक परीक्षा बाकी होती. काशाच्या वाटीत पाणी घेऊन त्यावर साळीचे दोन दाणे सोडले, एक जुन्या पेनांचा, एक आजोबांचा. ते जवळ येऊन चिकटले, तर मिळाले. मी अगदी वाकून बघत होते. दाणे लांब गेले. पुन्हा सोडले, पुन्हा लांब. मी आणखी खाली वाकले.

मोठे भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, मांगं सरका. तुमच्या श्वासानं पळून राह्यले ते."

मी मागे सरकले आणि श्वास रोखून धरला. दाणे थोडे फिरले, थांबले, आणि हळूच एकमेकांना चिकटले. गोटा जागेवर बसला. सोनाबाईंनी हळद लावली आणि शाईचं पेन क्षणभर त्याला टेकवून मला परत दिलं.

परतताना गेडाम सर म्हणाले, "सरांनी मला हे शाळेत असतानाच सांगितलं होतं. पाण्यावर तरंगणारे दाणे पृष्ठताणामुळे जवळ येणारच. मी म्हटलं, येतात ना? मग झालं तर."

बसमध्ये मी तेच उलटसुलट करत होते. दाणे पाण्याने जवळ आणले, की आजोबांनी? आणि त्यांना दूर ढकलणारा श्वास माझा. तो शरीर म्हणायचा, की दुसरं काही? आजोबा असते तर म्हणाले असते, सगळं एकच. मी "दोन" म्हणाले असते, पण पूर्वीसारखी ठाम नाही.

तर नील, मला कळलेलं एवढंच. केळापूरच्या पुढे मोहाखाली आजोबांच्या नावाचा एक गोटा आहे, दोन्ही बाजूंनी टेकलेला. आणि त्यांचं पेन माझ्याकडे आहे. हे पत्र त्यानेच लिहिलं आहे.