दाजींचं ऑपरेशन

दाजी सीमा ओलांडून आले तेव्हा बरोबर बायको होती, दोन मुली होत्या, म्हातारी आई होती आणि फडक्यात गुंडाळलेला वस्तरा होता. लढाईत घर गेलं, दुकान गेलं. हातातली कला तेवढी कुणाला हिसकावता आली नाही. मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यामागच्या गल्लीत त्यांनी एक खुर्ची मांडली, भिंतीला आरसा टांगला आणि कात्री चालवायला घेतली. गल्लीतले सगळे असेच, कुणी पोटासाठी आलेलं, कुणी जिवासाठी. बायका त्यांच्या बायकोला ताई म्हणत, म्हणून हे आपोआप साऱ्या गल्लीचे दाजी झाले.

तिसऱ्या खेपेला ताई मरता मरता वाचली. कळा सुरू असताना सरकारी दवाखान्यानं कागदपत्रं नाहीत म्हणून दारातूनच परत पाठवलं. एका संस्थेच्या छोट्या दवाखान्यात नर्सबाईंनी तिला दाखल करून घेतलं, पण तोवर उशीर झाला होता. बाळ गेलं. पुढचं बाळंतपण हिला झेपणार नाही, असं नर्सबाईंनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं. ताईच्या अंगात रक्त नव्हतं, तिच्या ऑपरेशनला थांबावं लागणार होतं. पुरुषाचं त्यापेक्षा सोपं, असंही त्या म्हणाल्या. पण मान डोलावून पुन्हा न फिरकणारे नवरे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

दाजींनी विचारलं, "उद्या येऊ का?"

आईला त्यांनी पाठीत उसण भरल्याचं सांगितलं. थोडी विश्रांती झाली, पुन्हा खुर्चीमागे उभे राहिले. हे तिथंच मिटायचं. पण म्हातारीला नातवाची आस. वर्ष उलटलं तशी तिची जीभ सैल सुटली. एका सकाळी नळावर, चार बायकांदेखत, ती ताईला म्हणाली की तुझ्याच्यानं होत नसेल तर मी मुलाला दुसरी बघते. ताई मान खाली घालून बादली भरत राहिली. दाजी समोरच गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होते. ब्रश तसाच हातात घेऊन ते नळापाशी गेले.

"आई, तिला बोलू नकोस. ऑपरेशन माझं झालंय."

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. कुणी त्यांना खच्ची केलेला बैल म्हटलं. कुणी म्हणालं, याच्या हातात आता वस्तरा देऊ नका, सवयीनं आपलंही काहीतरी कापायचा. दाजी हसण्यावारी नेत, पण खुर्ची रिकामी राहू लागली. आईनं अबोला धरला. दाजींना मनातून फार लागलं.

मग एका दुपारी काँक्रीटच्या गाडीवरचा धिप्पाड ड्रायव्हर दाढीला बसला. चार लेकरांचा बाप. अर्धी दाढी झाल्यावर त्यानं गल्लीत दोन्हीकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "दुखतं का हो?"

"दाढ काढण्याइतकंही नाही," दाजी म्हणाले. "पण लगेच मोकळं सुटायचं नाही. तपासणी होईपर्यंत निरोध वापरून सांभाळावं लागतं."

ड्रायव्हरनं पुढं बरंच विचारलं, जे बायकोलाही विचारलं नव्हतं. तो गेला, दुसरा आला. कुणी गोळ्यांचं विचारी, कुणी निरोधाचं, कुणी नुसतं कुठं खाज येते ते सांगे. स्वतःला ठाऊक नसेल तिथं दाजी सरळ नर्सबाईंकडं पाठवत. पण दवाखाना बंद व्हायचा पाचला आणि कारखाना सुटायचा सहाला.

त्याच सुमारास आजूबाजूच्या देशांतल्या संस्थांची, आरोग्य खात्यांतल्या अधिकाऱ्यांची, देश सोडून आलेल्यांच्या आरोग्यावर मोठी बैठक भरणार होती. नर्सबाईंनी दाजींना चला म्हटलं. एवढ्या लोकांत मी काय बोलू, म्हणून ते टाळत होते. आदल्या संध्याकाळी त्यांचा सदरा इस्त्री करत असलेल्या ताईला म्हातारी आपणहून म्हणाली, "मला आठ झाली. जगली तीन. पोरांच्या बापाला कुणी हे ऑपरेशन सांगितलं असतं तर बरं झालं असतं." एवढं बोलून ती भांडी घासायला बसली. दाजींनी दाराआडून ऐकलं. सकाळी ते निघाले.

बैठकीत त्यांनी सरकारी दवाखान्यानं ताईला दारातून परत पाठवलं तो दिवस सांगितला, नळावरची सकाळही. शेवटी दोनच गोष्टी मागितल्या: अडलेल्या बाईला कागद विचारू नका, आणि कारखाना सुटल्यावर दवाखाना उघडा ठेवा.

दुसरी मागणी लवकर मान्य झाली. आठवड्यातून दोन संध्याकाळी संस्थेच्या दवाखान्यात दिवे लागू लागले. पहिल्याच संध्याकाळी ड्रायव्हर बायकोला घेऊन आला. पहिल्या मागणीला वेळ लागला. संस्था दोन वर्षं मागे लागल्या, दाजी आणखी तीन बैठकांना गेले, तेव्हा कुठं बाळंतपणापुरता नियम बदलला. बाकी आजारांना कागद अजून लागतात. दाजी म्हणतात, अर्धी दाढी झालीय, असं कुणाला उठू देणार नाही.