दर्यापूरच्या तीन मैल अलीकडे

मधुकरराव गेल्याची तार आली तेव्हा मी अकोल्याच्या शाळेत नववीच्या वर्गावर होतो. शिपायानं तार हातात दिली. मी ती वाचली, खिशात ठेवली आणि तास पुरा केला. ते माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. अमरावतीच्या शोकसभेत वक्त्यांनी त्यांच्या धाडसाचं, त्यांच्या विमानवेडाचं फार कौतुक केलं. मी मागच्या रांगेत बसून होतो आणि प्रत्येक वाक्यागणिक माझा राग वाढत होता. आता ताईचा आग्रह आहे की वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यांच्यावर मीच लिहावं. लिहितो, पण जे पाहिलं तेच लिहीन.

ते इंजिन नसलेलं विमान उडवायचे. लांब तार बांधून ते ओढायचं, पुरेशी उंची आली की तार सुटायची, आणि मग तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधारानं जाता येईल तितकं दूर जायचं. अकोल्याच्या धावपट्टीवर एका एप्रिलात याची स्पर्धा भरली होती. सगळ्यांत लांब जाईल तो पहिला. वर जाणारा एकटा असे. खाली आम्ही पाच-सहा जण. विमान उन्हात ढकलत न्यायचं, पंखाचं टोक हातावर तोलून धरायचं, सुटलं की त्याच्याबरोबर धावायचं, आणि ते जिथं उतरेल तिथून जीपला गाडा जोडून परत आणायचं. भाऊजींच्या विमानाचा पंख मी धरत असे. पंख जरा कलला की ते चारचौघांत ओरडायचे, ‘‘मास्तर, शाळेत झोपता तसे इथं झोपू नका.’’ लोक हसायचे. मी त्यांचा मेहुणा, ऐकून घ्यायचो.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांचा निरोप आला की दर्यापूरच्या अलीकडे उतरलो आहे. मी आणि जीपचा ड्रायव्हर विचारत विचारत पोचलो. आजूबाजूला सगळी काळी भेगाळलेली जमीन, आणि विहिरीजवळ एक हिरवा तुकडा... विमानाचं नाक नेमकं त्यात रुतलेलं. कांद्याचे चार वाफे चिरडले होते. वावराचा मालक सुखदेव इंगळे बांधावर उभा होता. तिशीचा असेल. बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन त्यांच्या घराला चार वर्षं झाली होती, असं तोच बोलता बोलता म्हणाला. त्यानं आम्हाला पाणी दिलं. मी मास्तर आहे कळल्यावर माझ्यासाठी गोणपाट अंथरलं.

उतरल्याच्या जागेचा एक दाखला भरावा लागे आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागत. भाऊजींनी तो भरून सुखदेवसमोर धरला. त्यानं सावकाश वाचला.

‘‘हे दर्यापूर लिवलं हाय, साहेब. दर्यापूर अठून तीन मैल हाय.’’

दुसरा एक वैमानिक दर्यापूरच्या मैलभर अलीकडे उतरल्याचं भाऊजींना समजलं होतं. ते म्हणाले, ‘‘तुला सही येते का, तेवढं सांग.’’

‘‘येते. म्हून त वाचलं.’’

‘‘मग कर.’’

‘‘खोट्यावर नाही करत. कांद्याचं मी काई म्हटलं नाही तुमाले. पन हे नाही.’’

भाऊजींनी कागद त्याच्या हातातून हिसकावला. मग जे बोलले ते इथं लिहिणार नाही. त्याच्या जातीवरून बोलले. भाऊजींनी तोच कागद माझ्यापुढे केला. मी सही केली. माझ्याखाली ड्रायव्हरनं केली. मग आम्ही पंख सोडवले, विमान गाड्यावर चढवलं आणि उरलेला कांदा तुडवत बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ होता. सुखदेव बसनं आला होता, धुतलेला सदरा घालून. तो सरळ परीक्षकांसमोर जाऊन उभा राहिला. ‘‘हे इमान माह्या वावरात उतरलं, दर्यापुरात नाही,’’ म्हणाला. परीक्षकांनी मला बोलावलं. सही माझीच का, विचारलं. मी हो म्हणालो. विमान कुठं उतरलं, विचारलं. पहिल्या रांगेत ताई बसली होती, माझ्याकडेच बघत होती.

‘‘दर्यापूरला,’’ मी म्हणालो.

सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘मास्तर हायेत ना तुमी?’’ एवढंच म्हणाला आणि मंडपाबाहेर गेला.

पहिलं बक्षीस घेऊन परतताना जीपमध्ये भाऊजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘‘शहाणा आहेस.’’ मी जीप थांबवायला लावली आणि उतरलो. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. ते घरी नसतील अशा वेळा साधून मी अमरावतीला ताईकडे जात असे. त्यांनी मला खोटं बोलायला लावलं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण तोंड माझंच होतं, आणि त्याचा रागही मी त्यांच्यावरच काढला.

तेराव्यानंतर ताईनं मला त्यांच्या खोलीत नेलं. मी तिथं पूर्वी कधी गेलो नव्हतो. रोज सकाळचा चहा ते इथंच घ्यायचे, ती म्हणाली. भिंतभर जिल्ह्यांचा नकाशा, त्यावर त्यांच्या प्रत्येक उड्डाणाची पेन्सिलीनं ओढलेली रेघ. अकोल्याहून निघालेली एक रेघ दर्यापूरच्या अलीकडे थांबली होती. तिथं शाईची फुली, आणि शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात: ‘सुखदेव इंगळे. कांदा.’

मला तिथं उभं राहवेना. त्यांना सगळं ठाऊक होतं, नावासकट. आणि ते रोज सकाळी त्या नावासमोर बसून चहा पीत होते.

‘‘हे कोण, माहीत आहे?’’ मी ताईला विचारलं.

‘‘नाही रे. विचारलं तर म्हणायचे, एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे एकदा जायचं आहे.’’

अमरावतीहून दर्यापूरला बस रोज होती. अकोल्याहूनही होती.