कागद ऐकल्याशिवाय कुदळ नाही

परवानगीचा कागद स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय नाना रस्त्यावर कुदळ मारत नसत. वडीगोद्रीत त्यांना सगळे कागदनानाच म्हणत. नळाच्या पाइपासाठी चर खणायचं काम ग्रामपंचायतीने त्यांना दिलेलं. नळ हवा असेल त्याने रस्ता खोदायची परवानगी आणायची, मगच नाना यायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. "रस्ता समद्यांचा हाय. इचारल्याबिगर फोडायचा न्हाई," म्हणायचे.

आमच्या गल्लीत सुनांमध्ये मीच चौथी शिकलेली. गल्लीत काम निघालं की नाना आमच्या दारात कागद घेऊन उभे. मी दाराआडून वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. "जोरात, सूनबाई! रस्त्याला ऐकू जाऊ द्या." बायका हसायच्या. मी लाजून अर्धी व्हायची. पण सासरी माझ्या चौथीला विचारणारं दुसरं कोण होतं? वाचून झालं की नाना रस्त्याला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि पहिला घाव घालायचे.

नणंदेचं लग्न आठ दिवसांवर आलं आणि आमच्या नळाची परवानगी काही आली नाही. पाहुण्यांना पाणी कुठून आणणार? मामंजींनी आमच्याच अर्जाची नक्कल माझ्या हातात दिली. "परवानगी हाय असं वाच. खरा कागद येतोच मागून."

मी वाचलं, "रस्ता खोदण्यास परवानगी देण्यात येत आहे." कागदावर तसं अक्षरही नव्हतं. माझा आवाज पार बसला होता, तरी नाना त्या दिवशी 'जोरात' म्हणाले नाहीत. "सूनबाईनं वाचलं म्हंजे बराबर," म्हणाले आणि रस्त्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आले. "कोणाला विचारून खणलं?"

"कागद हाय की साहेब. सूनबाईनं वाचला."

"कोणता कागद?" मामंजी म्हणाले. "आम्ही नुस्ता अर्ज देल्ता. नानालाच घाई."

सगळे दाराकडे बघू लागले. मी आतून कडी धरून उभी होते. नानांनी कुदळ खाली ठेवली. मग म्हणाले, "माझंच ऐकायला चुकलं असंल."

त्यांचं काम गेलं. आम्हाला परवानगी मिळाली, नळही आला.

चार-पाच वर्षांनी टेलिफोनची केबल टाकणारे मजूर गल्लीत आले. त्यांच्यात नाना होते. मधल्या काळात साक्षरता वर्गाला जाऊन अक्षरं शिकलेले. मुकादमाकडून कागद मागून घेतला आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचू लागले.

"नाना, दिवस मावळंल!" एक मजूर ओरडला.

"मावळू दे," म्हणाले. सगळा वाचला. मग मी दिसले. "सूनबाई, आता तुम्हाला तरास न्हाई," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

'नाना, मी खोटं वाचलं होतं,' एवढंच बोलायचं होतं. मी आत गेले, त्याच नळाचं पाणी तांब्यात भरून आणलं. "घ्या," मी म्हणाले, तेही धड ऐकू गेलं नसेल.

नाना घटाघटा प्याले. रिकामा तांब्या माझ्या हातात देत म्हणाले, "जोरात बोलत जा, सूनबाई."