पोस्टकार्डावरचा शेवट

विहीर नव्हती. मोतीलालने शेवटचं पान दोनदा वाचलं, मग मागची सहा पानं उलटून पाहिली. तीनशे वर्षांनी पृथ्वीकडे निघालेला अवकाशयात्री पोहोचलाच नव्हता. यान पृथ्वीजवळून सरळ पुढे गेलं आणि तो आत झोपलेलाच राहिला. मोतीलालला ठाऊक होता तो शेवट निराळा. त्यात यात्री गावात उतरतो, गाव ओळखू येत नाही, पण जुनी विहीर तशीच असते आणि तिचं पाणी पिऊन तो काठावर बसतो. मुलगी राखी लहान असताना तिला हाच शेवट त्याने किती वेळा सांगितला होता.

बालाघाटच्या एका कचेरीत नोंदींच्या शाखेत त्याची तेहतीस वर्षं गेली होती. मार्चमध्ये निवृत्ती. त्याआधी कपाटातल्या जुन्या विज्ञानकथा आणि अद्भुत कादंबऱ्या ओळीने पुन्हा वाचायच्या, असा त्याचा बेत होता, ही सतरावी. कागदात घोळ दिसला की तो कुणाकुणाच्या हातातून गेला ते आधी बघायचं, ही शाखेतली रीत त्याच्या अंगात मुरली होती.

पहिला संशय बाइंडर महागूवर. दुसऱ्याच पुस्तकाची पानं शिवली असतील. पण पानांचे आकडे सलग होते, छपाई तीच, यात्रीचं नावही तेच. तरी तो पुस्तक घेऊन गेलाच. महागूने दोरा बोटाने चाचपून पाहिला आणि शिलाई माझी आहे, लिहिणाऱ्याशी तुम्हीच बोलून घ्या, असं सांगितलं. घरी बायको पुष्पलता म्हणाली, आता पोलिसांत रपट लिहा.

मग उरला चैतराम. दोघं गोंदियाच्या कॉलेजात बी.कॉम.ला होते. रोज छोट्या लाइनच्या गाडीने जायचे आणि अर्धे अर्धे पैसे घालून एक कादंबरी घ्यायचे. दोघांनाही दम नसे, म्हणून पाठीवरून ब्लेड फिरवून पुस्तकाचे दोन भाग करायचे. चैतराम झपाट्याने वाचायचा, तेव्हा पहिला भाग आधी त्याच्याकडे. तो दुसऱ्यावर गेला की पहिला मोतीलालकडे. दोघांचं वाचून झालं की महागू भाग जोडायचा. या पुस्तकाच्या वेळी परीक्षेची सुट्टी लागली आणि चैतराम दुसरा भाग घेऊन गावी, किरनापूरला गेला. मोतीलालने पत्रांवर पत्रं टाकली, तेव्हा एका पोस्टकार्डावर शेवट आला. पुढे तो भागही आला, पण शेवट कळलेलं पुस्तक वाचायचं कशाला, म्हणून मोतीलालने जोडून घेतलं आणि कपाटात ठेवलं.

म्हणजे चैतरामने जाणूनबुजून फसवलं? कशासाठी? चाळीस वर्षांची दोस्ती, आणि पहिल्याच ठिकाणी खोट निघाली तर बाकीचं काय धरायचं? हा प्रश्न घेऊनच तो रविवारी किरनापूरच्या बसमध्ये बसला.

चैतराम अंगणात खाटेवर होता. मोतीलालने रामराम न करता पुस्तक पुढे धरलं.

"यात विहीर कुठं आहे?"

चैतरामने कव्हर पाहिलं आणि बराच वेळ हसला. "म्या वाचलंच नव्हतं गड्या. लामत्याले बहिणीकडे विसरून आलतो. तू दर चार दिवसाले कार्ड टाकत होता. नाही वाचलं म्हटलं असतं, तर लामत्याले जाऊन तिच्या दारात बसला असता."

"अन् विहीर?"

"थे काय." त्याने हनुवटीने अंगणातली विहीर दाखवली. "समोर जे दिसलं ते लिहिलं."

"नंतर तरी वाचलं का?"

"शेवट मीच लिहिला, तर वाचू काहून?"

मोतीलालला हेही खरं वाटेना. वाचून, शेवट आवडला नाही म्हणून बदलला असेल. त्याने पुस्तक दुसऱ्या भागावर उघडून चैतरामच्या मांडीवर ठेवलं. "वाच. माह्यासमोर."

चैतरामची बायको गोदाबाई चहा ठेवून गेली. मोतीलालने कपाला हात लावला नाही. आधी वाचलेलं असेल तर हा नुसती पानं उलटेल, म्हणून चैतराम खरंच वाचतो का, तेच बघत राहिला. मध्येच चैतरामचा हात थांबला, तो दोन पानं मागे गेला आणि पुन्हा वाचू लागला. दुपार कलली. शेवटचं पान संपल्यावर त्याने चष्मा काढला.

"बिचारा झोपूनच राह्यला," तो म्हणाला. "मले वाटलं, कोणी तरी उठवंल त्याले."

मोतीलाल त्याच्या तोंडाकडे बघत होता. "यान काहून वळलं नाही?"

"वळवणारा दांडा बर्फानं जाम झालता."

बरोबर होतं. मोतीलालने गार झालेला चहा उचलला आणि साय बोटाने बाजूला करून प्यायला.